दशावताराच्या गांवीं चार दिवस

आमचा भाचा पुण्यास एका नाट्यशाळेंत अभिनय शिकत आहे. शिकत आहे असें म्हणावयाचें इतकेंच. गेल्या आश्विनापासून त्याचें लक्ष शाळेंत नव्हतें हें सांगावयास ज्योतिषी नको होता. त्याच्या टेबलावरील पंचांगांत कार्तिक व मार्गशीर्ष या महिन्यांच्या पानांवर तांबड्या शाईच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेपुढें एकेका खेड्याचें नांव होतें. आमच्या भगिनीस वाटलें, चिरंजीव परस्पर मुली पाहावयास निघाले कीं काय! चौकशीअंतीं उलगडा झाला तो असा. दक्षिण कोंकणांतील एका दशावतारी मंडळीचा हंगाम तुळशीचीं लग्नें आटोपतांच सुरू व्हावयाचा होता. ती मंडळी कोणत्या रात्रीं कोणत्या देवीच्या जत्रेंत उभी राहणार, याची यादी या गृहस्थानें मिळविली होती व ती त्यास संध्येपेक्षां अधिक पाठ होती.

नुसता खेळ पाहावयाचा असता तर कोणीच हरकत घेतली नसती. परंतु त्याच्या मनांत मंडळीबरोबर थेट वैशाखापर्यंत हिंडावयाचें होतें. म्हणजे शाळेचें शेवटचें वर्ष बुडालें आणि फीचे पैसेही बुडाले. आमचे मेव्हणे शांत स्वभावाचे, पण तेही खवळले. "याने भिक्षुकी पत्करली असती तरी मी समजून घेतलें असतें, पण पेटारा घेऊन गांवोगांव?" असें ते म्हणाले, आणि दोन दिवस बापलेकांत भाषण नव्हतें. अखेर मध्यस्थी आमच्याकडे आली. आम्हीं भाच्याबरोबर जावें, ती मंडळी डोळ्यांनीं पाहावी, आणि आम्ही सांगूं तें उभयतांनीं ऐकावें असें ठरलें. आमचा कौल कोणत्या बाजूस पडणार हें मेव्हण्यांनीं गृहीत धरलें होतें. खरें सांगावयाचें तर आम्हींही धरलें होतें.

कोल्हापूर, आजरा, आंबोली असा मार्ग धरून आम्ही मोटारीनें निघालों. आंबोलीचा घाट कार्तिकांत पाहावा. पावसाळ्यांतील धबधब्यांची गर्दी ओसरलेली असते, धुकें मात्र सकाळीं दरींत भरलेलें असतें, आणि वळणावळणावर खालचा कोंकणपट्टा क्षणभर दिसून पुनः नाहींसा होतो. आमच्या सहप्रवाशास यांपैकीं कांहींच दिसत नव्हतें. "मामा, तुम्हांला कल्पना नाहीं," या वाक्यानें सुरुवात करून तो जें बोलत सुटला तें सावंतवाडीच्या मोती तलावापर्यंत थांबला नाहीं. त्या मंडळीजवळ लिहिलेलें नाटक म्हणून नसतें. पुराणांतील आख्यान कोणतें घ्यावयाचें तें पुष्कळदा त्या दिवशींच ठरतें. प्रसंगांचा क्रम नटांस सांगितला कीं झालें, भाषणें ज्याची त्यानें रंगणांतच करावयाचीं. "शाळेंत आम्ही याला आशुविस्तार म्हणतों आणि आठवड्यांतून एक तास करतों. हे लोक रात्रभर करतात!" आम्हीं विचारलें, "मग आगाऊ ठाऊक नसलेल्या खेळांची इतकी उत्कंठा कसली?" त्यावर तो आमच्याकडे असा पाहूं लागला, कीं आम्हींच कांहीं गांवढळ प्रश्न केला असावा.

सावंतवाडीस चितारआळींतील लांकडी खेळणीं पाहून पुढें कुडाळास गेलों. जवळच पिंगुळी आहे. तेथील ठाकर मंडळींनीं चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची कला जतन केली आहे आणि २०२१ सालीं त्यांतील परशुराम गंगावणे यांस पद्मश्री मिळाली. वेळ काढून जावें असें तें ठिकाण, पण भाच्यास धीर नव्हता. दुपारीं उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी घेऊन आम्ही मंडळीच्या मालकांच्या घरीं पोंचलों.

मालक पासष्टीच्या घरांतले, कृश, अंगांत बनियन. अंगणांत भात झोडपून पेंढा रचण्याचें काम चाललें होतें व तें ते स्वतः करीत होते. हाच गृहस्थ चार रात्रींनंतर राजा होऊन शेला झळकविणार, हें सांगूनही खरें वाटलें नसतें. मंडळींतील दहाबारा जणांपैकीं बहुतेक असेच. पावसाळ्यांत चिखलांत आणि हंगामांत रंगांत. माजघरांत तो प्रसिद्ध पेटारा होता. पूर्वीं तो डोक्यावर घेऊन पायीं गांवोगांव जात. आतां टेंपो आला आहे, पण पेटाऱ्याचा मान गेलेला नाहीं. त्यास नमस्कार केल्याशिवाय आंतील वस्तूला कोणी हात लावीत नाहीं. झांकण उघडल्यावर भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुकुट, भुजबंद, लांकडी तरवारी, जरीचीं लुगडीं, गंगावनें. पुष्कळ वस्तूंचा मुलामा उडालेला, कांहींस नवा कागद डकविलेला. आमच्या मतें त्यांत चारशें रुपयांचाही ऐवज नसेल. तो मात्र एकेक वस्तु दोन्हीं हातांनीं उचलून पुनः ठेवीत होता.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे. आपण सुशिक्षित लोक मराठी नाटकाचा उगम सांगतांना सांगलीस थांबतों. १८४३ सालीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, हें योग्यच. परंतु त्या आरंभींच्या खेळांत सूत्रधार गाई, गणपति व सरस्वती येऊन जात, विदूषक हंसवी, आणि पात्रें आपलीं भाषणें समयस्फूर्तीनें करीत. भाव्यांपुढें कर्नाटकांतील भागवत मंडळींच्या खेळांचा नमुना होता. पुढें १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें आणि छापील शब्दाचें राज्य सुरू झालें. त्या राज्यानें आम्हांस पुष्कळ दिलें, बालगंधर्व दिले. पण शहरांत जें मागें पडलें तें या तांबड्या मातींत अद्याप चाललेलें आहे, आणि तें पाहण्यास अंधाऱ्या नाट्यगृहांतील खुर्ची नव्हे, देवळापुढची जमीन लागते.

असो. हंगामाची पहिली जत्रा कुडाळपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यांत होती. देऊळ कौलारू, दीपमाळ पेटलेली, वाटेच्या दोन्हीं बाजूंस खाजें आणि लाडवांचीं दुकानें, बांगड्यांचे कासार, पोरांच्या पिपाण्या. सासुरवाशिणी ओट्या भरावयास आलेल्या. मुंबईहून खास रजा काढून आलेले चाकरमाने हातांत मोबाईल घेऊन नातेवाइकांस शोधीत होते. ओट्या, नवस, मग पालखीची प्रदक्षिणा. मध्यरात्र उलटून गेली तेव्हां कोठें देवळामागच्या पडवींत रंग लागूं लागला. एक दिवा, हातांत धरलेले आरसे, आणि प्रत्येक जण स्वतःचा चेहरा स्वतः रंगवीत बसलेला. स्त्रीपार्टी करणारे एक गृहस्थ दुपारीं आम्हांशीं शेतीच्या खतांविषयीं बोलत होते. त्यांनीं निऱ्या घातल्या, कपाळावर कुंकू रेखलें, आणि एकाएकीं त्यांचें उठणें बसणें असें पालटलें कीं आम्ही नकळत सरकून जागा दिली. बायकांनीं या मंडळींत काम करण्याची चाल पडलेली नाहीं. नाट्यशाळेंतील आपल्या वर्गभगिनींस ही यादी दाखवितांना त्यामुळें फार ओशाळें वाटलें, असें भाच्यानें आम्हांस सांगितलें होतें.

पखवाजावर थाप पडली, पेटीनें सूर धरला, झांज वाजली. प्रथम आडदशावतार. ऋद्धिसिद्धींसह गणपति आला, सरस्वती आली, ब्रह्मदेव आले, आणि मग वेद चोरणारा काळाकभिन्न संकासुर. हा राक्षस अस्सल मालवणींत बोलतो आणि गांवांतील कोणासही सोडीत नाहीं. त्यानें आम्हांस पांढरपेशे पाहुणे म्हणून बरोबर हेरलें आणि आमच्या चष्म्यासंबंधीं जें म्हटलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. लोक पोट धरून हंसले. १९८० सालीं 'वस्त्रहरण'नें याच मालवणी विनोदावर मुंबई जिंकली, त्याची मुळें कोठें आहेत तें आम्हांस त्या रात्रीं कळलें. शेवटीं विष्णूनें संकासुरास मारलें, आणि आख्यानास आरंभ झाला.

आख्यान उषा-अनिरुद्धाचें होतें, आणि येथें आमच्या शिष्टाईस अनपेक्षित वळण लागलें. मंडळींतील एक जण तापानें घरीं राहिला होता. बाणासुराकडे वर्दी घेऊन जाणारा पहारेकरी कोण, हा प्रश्न पडला आणि मालकांनीं आमच्या भाच्याकडे बोट दाखविलें. त्यास बिचाऱ्यास संध्याकाळींच सांगितलें होतें. तेवढ्या वेळांत त्यानें चार वाक्यें रचिलीं, कागदावर उतरविलीं आणि घोकलीं. वाक्यें सुंदर होतीं. 'अंतःपुराच्या निबिड अंधकारांत' असें कांहींसें त्यांत होतें. आम्हीं चोरून घड्याळ पाहिलें; पहाटेचे साडेतीन झाले होते.

रंगणांत सामान म्हणजे एक लांकडी बांक. तेंच सिंहासन, तोच महाल. त्यावर मालक, म्हणजे बाणासुर, बसले होते, आणि सकाळचा पेंढा रचणारा म्हातारा त्यांत कोठेंच उरला नव्हता. भाचा आला, मुजरा केला, चारी वाक्यें स्वच्छ म्हटलीं. आम्ही सुटकेचा निश्वास टाकणार तोंच बाणासुरानें हळूच विचारलें, "पहाऱ्यावर कोण होतें?"

"मीच, महाराज."

"मग तो आंत आला कसा?"

कागदावर याचें उत्तर नव्हतें. कथेंतही नाहीं, चित्रलेखेनें अनिरुद्धास निद्रितावस्थेंत उचलून आणिलें हें पहारेकऱ्यास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. भाचा उभा राहिला. पखवाजवाल्यानें एक थाप देऊन त्यास सवड दिली, पेटी उगाच घुटमळली. बाणासुर सिंहासनावरून उठून त्याच्याभोंवतीं सावकाश फिरूं लागला. "दौलतींतून तुला धान्य कशाचें मिळतें?" मागून कोणी पोर खिदळलें. ज्या मुलास आम्हीं खांद्यावर घेऊन पर्वती दाखविली होती त्याचे कान दिव्याच्या उजेडांत लालबुंद झालेले आम्हांस दिसत होते, आणि आपण याला येथें येऊं दिलें हा अपराध झाला असें आमच्या मनांत आलें. आमचा कौल त्या क्षणीं पक्का झाला.

मग भाच्यानें हातांतील भाला खालीं ठेवला आणि अगदीं साध्या आवाजांत म्हटलें, "महाराज, मला झोंप लागली होती."

लोक हंसले, पण तें आधींचें हंसणें नव्हतें. समोर बसलेल्या सगळ्यांच्याच डोळ्यांवर झोंप होती. बाणासुरानें तरवार उपसली. भाचा गुडघ्यांवर आला आणि, देवाशपथ सांगतों, तो खरोखरीच भ्याला होता. "चार रात्रीं डोळ्यांस डोळा नाहीं, महाराज. राजकन्या रडत होती, तें ऐकत जागलों. आज ती रडली नाहीं, म्हणून झोंपलों." बाणासुराची तरवार वरच राहिली. म्हाताऱ्यानें क्षणभर त्याच्याकडे पाहिलें, मग प्रेक्षकांकडे वळून मुलीच्या रडण्यावर एक पद उचललें, जें त्या रात्रीं कोणीच ठरविलेलें नसावें. आमच्या शेजारची एक आजी पदरानें डोळे पुसूं लागली. आमचा पक्का झालेला कौल कोठें गेला तें आम्हांस सांगतां येत नाहीं.

उजाडतां उजाडतां दहीकाला झाला, हंडी फुटली, आरतीचें ताट फिरलें. मालक रंग पुशीत पायरीवर बसले होते. आम्हीं त्यांस मेव्हण्यांची अडचण सगळी सांगितली आणि विचारलें, "खरें सांगा, हा नट होईल काय?"

"नट होतलो की नाय ता माका ठावक नाय," ते म्हणाले. "पयली जागरणां करूंक शिकांदे."

शाळेचें कळल्यावर मात्र त्यांनीं जो निवाडा दिला तो आम्हांस सुचला नसता. मार्गशीर्ष संपेपर्यंत त्यानें राहावें, नंतर परत जाऊन परीक्षा द्यावी. आमची मंडळी पुढच्या कार्तिकांतही येथेंच आहे. हें ऐकून भाच्याचें तोंड उतरलें. पंचांगांतील पौष, माघ, फाल्गुन सगळे एका वाक्यांत गेले. तो कांहीं बोलणार होता. पण म्हातारा तोंड धुवावयास विहिरीकडे निघून गेला होता.

त्या गांवीं फोन लागतो तो देवळामागील फणसाखालीं. तेथें उभें राहून आम्हीं भगिनीस सर्व हकीकत सांगितली. मेव्हणे शेजारींच असावेत. मध्यें बराच वेळ शांतता होती. मग भगिनीनें विचारलें, "दादा, रात्रीं थंडी पडते ना तिकडे? पांघरायला आहे का त्याच्याजवळ?"

आम्हीं वळून पाहिलें. पुढच्या जत्रेस निघावयाचा टेंपो भरून तयार होता, आणि पेटाऱ्याशेजारीं आमचा भाचा, कपाळावरचा रंग तसाच, बाणासुराचा शेला गळ्यापर्यंत ओढून गाढ झोंपला होता. "आहे," आम्हीं सांगितलें.