पुढच्या गावापुरतं

उसाच्या हंगामात लोणंद-फलटण रस्त्याने सायकलवर निघालेल्या माणसाची नजर समोरच्या रानावर नसते. ती पुढच्या चाकाच्या चार हात पुढे, डांबरावर असते. याच रस्त्याने बैलगाड्या कारखान्याला ऊस घेऊन जातात. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या झिजल्या की त्यांचे खिळे कुठेतरी गळून पडतात. त्यात फुटक्या बाटल्यांची काच असते. मोटारींची चाकं हा सगळा ऐवज रस्त्याच्या कडेला लोटतात, आणि सायकलवाला तर कडेनेच चालतो.

खिळा घुसला तर हवा सुस्स करत जाते, काटा रुतला तर गुपचूप. काचेने टायरच चिरला तर मात्र ‘फट्’ असा एकच आवाज होतो. मागचं चाक धपकन रीमवर बसतं आणि सायकल एकदम जड होते. मग बाभळीखाली जागा बघायची, सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करायची, चाक सावकाश फिरवायचं. चीर सापडते. बोटाने दाबली तर तिचे ओठ उघडतात आणि आतली ट्यूब दिसते. पुढचं गाव सात किलोमीटरवर.

पंक्चर झालं असतं तर एवढा घोर लागला नसता. पंक्चर काढणं ही महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची घरगुती विद्या होती. घमेल्यात पाणी घ्यायचं, फुगवलेली ट्यूब त्यात बुडवत फिरवायची आणि बुडबुडे आले तिथे बोट ठेवायचं. कानशीने ती जागा खरवडायची, सोल्युशन लावायचं, पॅच दाबायचा. यातली बहुतेकांची चूक एकच, घाई. सोल्युशन ओलं असताना पॅच बसवला तर तो चिकटल्यासारखा दिसतो आणि दोन मैलांवर सुटतो. द्रावणातलं पातळ द्रव्य उडून जाऊन जागा निस्तेज दिसू लागली, की मगच पॅच लावायचा. रस्त्यात घमेलं नसतं. तेव्हा जाणकार मंडळी फुगवलेली ट्यूब ओठांच्या अगदी जवळून फिरवतात. ओल्या ओठांना हवेची ती बारीक सुई बरोबर जाणवते. भोक सापडलं की हवा भरण्याची नळी टायरवर कुठे होती ते आठवून टायरची तीच जागा आतून चाचपायची, कारण काटा बहुधा अजून तिथेच असतो. तो न काढता नवी ट्यूब घालणं म्हणजे तीही त्याच काट्याच्या हवाली करणं.

या काट्यांमध्ये सराटा सगळ्यात चिवट. माळरानावर पसरणारी ही पिवळ्या फुलांची वेल कुणाला फारशी दिसतही नाही. तिचं फळ सुकून तडकलं की प्रत्येक तुकडा असा पडतो, की एक टोक वर राहणारच. हाच सराटा समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचला. तिथल्या आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात सायकलवाल्यांना त्याचा इतका जाच झाला, की 2018 पासून तिथे सराटे उपटण्याची मोहीम आणि सायकलींची जत्रा असा जोडउत्सव सुरू झाला.

चिरलेल्या टायरचं दुखणं वेगळं असतं. टायर म्हणजे रबर, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हवेचा दाब पेलतं ते रबराच्या आतलं दोऱ्यांचं कापड. रबराचं काम रस्ता धरून ठेवण्याचं आणि त्या कापडाला झिजेपासून वाचवण्याचं. रेसिंग सायकलच्या टायरमध्ये ऐंशी पौंड हवा असली, तर आतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेपाच किलोंचा भार येतो. कापड शाबूत असेपर्यंत तो निमूट सोसला जातो. कापड कापलं गेलं की ट्यूब त्या फटीतून बाहेर येऊ पाहते. आधी वाटाण्याएवढा फुगा येतो, मग बोराएवढा, आणि मग ती फुटते. अशा चिरेत नवी ट्यूब घातली तरी तिची गत तीच. आतून रबरी पॅच लावूनही भागत नाही, कारण रबर ताणलं जातं. तिथे हवी असते ती न ताणणारी वस्तू.

सायकलच्या दुकानात त्या वस्तूला गेटर म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला, पण आता तो तेल लागलेल्या हातांचा झाला आहे. ‘गेटर टाकून देतो, अजून सहा महिने चालेल,’ हे वाक्य गावोगावच्या दुकानांत ऐकू येतं. गेटर करताना कारागीर जुन्या, गुळगुळीत झालेल्या टायरचा लांबट तुकडा कापतो. त्याच्या कडा आतून तासून कागदासारख्या पातळ करतो. कडा जाड राहिली तर तीच पुढे ट्यूबला घासून भोक पाडणार. मग तो तुकडा चिरेच्या आतल्या बाजूला असा बसवतो, की चीर बरोबर मध्यभागी यावी. हवा भरली की ट्यूबच त्याला टायरवर दाबून धरते. एका मेलेल्या टायरचं कापड दुसऱ्या जखमी टायरला जगवतं. या कामाला ना पाटी, ना प्रमाणपत्र. पण तासलेल्या कडेवरून अंगठा फिरवून ‘झालं’ म्हणणाऱ्या कारागिराचं ज्ञान कुठल्याही इंजिनिअरच्या ज्ञानाइतकंच खरं आहे.

बाभळीखाली जुना टायर कुठून आणायचा? तिथे खिसा रिकामा करून बघावा लागतो. जगभरच्या सायकलस्वारांचा पहिला हात नोटेकडे जातो. अमेरिकन माणूस डॉलर घडी करून चिरेखाली घालतो. डॉलरच्या कागदात कापूस आणि जवसाचा धागा असतो. भारतीय नोट तर पूर्ण कापसाच्या लगद्याची. म्हणून ती घामाने भिजते, धोतराच्या सोग्यात चुरगळते, तरी लवकर फाटत नाही. दहाची नोट, चार घड्या, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जास्त कागद. तिच्या जोडीला फळांच्या रसाच्या खोक्याचा तुकडा चालतो, जाड कापडी पट्टी चालते. दुधाची पिशवी मात्र दाबाखाली ताणली जाते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. हवा नेहमीपेक्षा कमी भरायची, पण इतकीही कमी नाही की खड्ड्यात ट्यूब रीम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जावी. तसं झालं की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. आणि चिरलेला टायर पुढच्या चाकाला असेल, तर दहा मिनिटं जास्त खर्चून तो मागे घ्यावा. मागचं चाक बसलं तर सायकल लटपटते, पुढचं बसलं तर माणूस पडतो.

टायरच्या आत कापडाचा आधार घालण्याच्या या युक्तीची मोठी परीक्षा झाली ती व्हिएतनाममध्ये. 1954 च्या मार्च ते मे महिन्यांत द्येन ब्येन फू इथे फ्रेंच फौजेला वेढा पडला होता. डोंगर-जंगलांतून तिथवर तांदूळ आणि दारूगोळा पोचवण्यासाठी व्हिएतनामी हमालांनी वीस हजारांच्या आसपास सायकली वापरल्या. त्यांतल्या कितीतरी फ्रान्समध्येच बनलेल्या. या सायकलींवर कुणी बसत नसे. हँडलला एक बांबू बांधायचा, सीटच्या जागी दुसरा उभा करायचा आणि दोन्हींना धरून सायकल ढकलत चालायचं. एकेका सायकलवर दोनशे किलो, काहींवर तीनशेच्याही वर. माणसाच्या वजनासाठी बनवलेला टायर एवढ्या ओझ्याखाली टिकणार कसा? हमालांनी जुने कपडे, प्रसंगी अंगावरच्या विजारीही फाडल्या आणि त्या पट्ट्या ट्यूबवर गुंडाळून टायरमध्ये घातल्या. चाकभर गेटर. 7 मे रोजी फ्रेंच तळ पडला. त्या विजयाची कारणं पुष्कळ सांगितली जातात, पण अंधारात, चिखलात गुडघे टेकून ट्यूबला कापड गुंडाळणारे ते हात त्यांत मोजायलाच हवेत.

रस्त्यातली दुरुस्ती सामान्य माणसाच्या हातात आली तीही एका नादुरुस्त सायकलमुळेच. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या जनावरांच्या डॉक्टरांनी 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण ते टायर रीमला डिंकाने चिकटवलेले असत. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशलाँ यांच्या कारखान्यात असा एक पंक्चर झालेला टायर दुरुस्तीला आला. तो काढून सांधायला काही तास गेले, डिंक सुकायला रात्र गेली, आणि सकाळी चक्कर मारताच तो पुन्हा बसला. एदुआर मिशलाँ यांना दोन गोष्टी पटल्या. हवेचा टायर हेच भविष्य, आणि तो कुणालाही काढता-घालता आला पाहिजे. 1891 मध्ये त्यांचा सुटा टायर तयार झाला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिस, ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यांनी त्या टायरवर जिंकली. वेळ लागला एकाहत्तर तासांवर थोडा.

ती वाट आजही दर चार वर्षांनी सायकलस्वारांनी भरते, नव्वद तासांच्या मुदतीत. पुण्या-मुंबईचे, नाशिकचे स्वारही तिथे जातात. त्याआधी घरच्या रस्त्यांवर दोनशेपासून सहाशे किलोमीटरपर्यंतच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीतल्या पात्रता-फेऱ्या, पुऱ्या कराव्या लागतात. त्यांचा नियम साधा आहे. ठरलेल्या ठाण्यांखेरीज वाटेत सोबतच्या गाडीची मदत घ्यायची नाही. त्यामुळे सीटखालच्या मुठीएवढ्या पिशवीत दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅच आणि जुन्या टायरचा कडा तासलेला एक तुकडा असतो. शहाणा स्वार त्यात पितळेची एक टिकलीएवढी चकतीही ठेवतो. सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर ती फिरवली की मोटारीचा पंप बसतो.

हा स्वतःवरचा भरवसा जुनाच आहे. मुंबईहून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा 18 मार्च 1928 रोजी सुमारे 71,000 किलोमीटर पुरे करून परतले. इराण आणि इराकची वाळवंटं त्यांनी ओलांडली ती पंपाच्या आणि स्वतःच्या हातांच्या भरवशावर.

बाभळीखालचा सायकलवालाही आता निघाला आहे. नोट आत बसली आहे. चाक फिरताना दर फेऱ्याला एक हलकासा ठोका देतं, आणि त्या ठोक्याकडे कान लावून तो जातो. खड्डा दिसला की सीटवरून उठतो, भार पायांवर घेतो. सात किलोमीटरला पाऊण तास लागतो. गावाच्या तोंडाशी, टायरांची माळ टांगलेल्या टपरीपुढे तो उतरतो. दुकानदार काही न विचारता चाक काढतो, लिव्हरने टायर उलटा करतो आणि काळी पडलेली नोट दोन बोटांनी बाहेर काढतो. चिरेचा ठसा तिच्यावर स्पष्ट उमटलेला असतो. तो ती मांडीवर ठेवून तळव्याने सरळ करतो, सायकलवाल्याच्या हातात देतो आणि जुन्या टायरांच्या ढिगाकडे वळत विचारतो, “किती लांबनं आलात म्हणायचं, दादा?”