मागच्या पानावरचं भरीत

१९८४ साली औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरायला लागलो, तेव्हा खिशात एक डायरी असायची. पुढच्या पानांवर डॉक्टरांचे पत्ते, मागच्या पानांवर जेवायच्या जागा. मागची पानं आधी भरली.

जागा सापडायची ती विचारून. पण कोणाला विचारायचं, हे शिकावं लागे. लॉजचा मॅनेजर मेहुण्याच्या हॉटेलात धाडी. डॉक्टर म्हणत, "इथं काही चांगलं मिळत नाही," कारण ते घरी जेवत. खरी खबर एसटीच्या कंडक्टरकडे आणि औषध दुकानातल्या पोरांकडे. नागपुरात एका कंपाउंडरनं कोष्ट्यांच्या वस्तीत नेऊन सावजी मटण खाऊ घातलं. मी पहिला घास घ्यायच्या आतच त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवून ठेवला होता. मालवणात घराच्या पडवीतली खानावळ. बाजारात जो मासा येईल तोच ताटात. कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला अजून चौदा वर्षं होती, त्यामुळे रात्रभर एसटीत खिळखिळ्या झालेल्या हाडांना ती सोलकढी औषधासारखी वाटे.

पण डायरीतलं सगळ्यात मळकं पान जळगावचं. थंडीचे दिवस होते. दुकानातल्या पोरानं विचारलं, "शेतात येता का?" सायकलवर डबलसीट गेलो. कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ केलेला आणि त्यात पांढरट हिरवी, हातभर लांब वाटावीत अशी वांगी. सालं काढून लाकडी भांड्यात ती ठेचली. दुसरीकडे हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे. वरून कांद्याची पात आणि चांगलं सढळ तेल. टोमॅटो नाही. सोबत कळण्याची भाकरी. म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद दळून केलेली. पुण्यात मी तोवर ज्याला भरीत म्हणत होतो, ते दह्यातलं वांगं होतं, एवढंच. कोण कुठला मी, पण तिसरी भाकरी नको म्हटल्यावर त्या पोराची आजी रागावली.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र कोणी सांगू नये. डायरीत फुल्या मारलेल्या जागाही आहेत आणि त्यांतल्या दोन फुल्यांच्या शेजारी मी स्वतःच घेतलेल्या गोळ्यांची नावं आहेत. बायको एकदा दौऱ्यावर सोबत आली, तर निम्म्या ठिकाणी तिला टेकायला बाकडं नव्हतं. सगळे पुरुष, सगळे तिच्याकडे बघणारे.

आता मुलगी गाडी चालवते आणि जेवणाचं तिचा फोन ठरवतो. तारे, फोटो, पार्किंग. स्वच्छतागृह आहे की नाही, हेसुद्धा. याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. फक्त प्रत्येक पदार्थाला आता गाव चिकटलंय. 'व्हेज कोल्हापुरी' कोल्हापुरातल्या कुठल्या घरात शिजते, हे मला अजून सापडायचं आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि हिवाळ्यात पुण्यातही रस्त्याकडेला 'खान्देशी भरीत'चे फलक लागतात.

गेल्या डिसेंबरात नगर रस्त्यावरच्या अशाच एका वातानुकूलित हॉटेलात बसलो होतो. भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलेलं. भरीत चांगलं होतं, खरंच. जाळाचा वास तेवढा नव्हता. मुलगी तारे देत होती. सवयीनं मी वाढणाऱ्या पोराला विचारलं, "गाव कुठलं?"

"सिवान, बिहार." मग ताटाकडे बघून म्हणाला, "हमारे यहाँ इसको चोखा बोलते हैं, साहब. कच्चा सरसों का तेल डालते हैं."

"यहाँ मिलेगा कहीं?"

तो हसला. गल्ल्यावरच्या मालकाकडे एकदा पाहिलं आणि हळूच सांगितलं, की पुढच्या चौकाजवळ इमारत चढतेय, तिथं त्याचा भाऊ मिस्त्री आहे, रविवारी ते सगळे गोवऱ्यांवर लिट्टी लावतात.

मी मुलीकडे पेन मागितलं. तिच्याजवळ नव्हतं.