दोन नंबरची जीप

मेकॅनिकलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, 'गाडी म्हणजे काय?' तो इंजिनापासून सुरुवात करेल, क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल असे करत चाकापर्यंत पोहोचेल आणि आठ मार्कांचे उत्तर लिहून मोकळा होईल. आकृतीसकट! हाच प्रश्न आरटीओच्या खिडकीवर विचारला तर उत्तर एका ओळीत संपते. एक चेसिस नंबर आणि एक इंजिन नंबर. लोखंडावरचे हे दोन आकडे आणि आरसी बुकावरचे दोन आकडे जुळले, तर ती गाडी. नाही जुळले, तर ते नुसतेच लोखंड!

माकणीच्या आमच्या जीपचा एक नंबर जुळतो, दुसरा जुळत नाही. भावकीतली मंडळी तिला 'दोन नंबरची जीप' म्हणतात, ते काही उगीच नाही.

माकणी हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आमच्याच गावात. जीप 1971 ची, महिंद्राची, पण मूळ घराणे अमेरिकेतल्या विलीसचे. मूळ इंजिन पेट्रोलचे, 2.2 लिटरचे, 'हरिकेन' नावाचे. त्याची गंमत अशी की, इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याला एफ-हेड म्हणतात. वर्गात ते शिकताना मला फारसे काही वाटले नव्हते. प्रत्यक्ष पाहिले ते आमच्या गोठ्यात, कडब्याच्या शेजारी, युरियाच्या पोत्यांखाली!

ते गोठ्यात कसे गेले? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसे गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात असले तरी आमच्याकडच्या सास्तूरसारख्या गावांचीही तीच गत झाली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट 'भूकंपाच्या आधी' किंवा 'भूकंपानंतर' अशीच सांगितली जाते. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्या दिवसांत जीपच्या मागच्या फळ्या काढून जखमींना उमरग्याला नेत होते. किती खेपा केल्या ते त्यांनाही आठवत नाही. पुढे घर उभे करायचे होते आणि पेट्रोल परवडत नव्हते. म्हणून 1994 मध्ये त्यांनी सोलापूरच्या एका गॅरेजात पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवून घेतले. चेसिसवर गॅस वेल्डिंगने नवीन माउंटिंग मारले आणि जीप पुन्हा धावू लागली. आरसी बुकावरचा शेवटचा शिक्का मात्र 1992 चा. त्यानंतर ती कधी आरटीओत गेलीच नाही. गाव, शेत, धरण... एवढेच तिचे जग.

यंदाच्या सुट्टीत घरात वाद पेटला. काका म्हणाले, भंगारात काढा. पुण्याच्या एका हौशी माणसाचा फोन आला होता, त्याला ती मोठे टायर लावून 'मॉडिफाय' करायची होती. आबांचे एकच म्हणणे, "मला ती रोडवर पायजे. पोलीस दिसला की आडरानात घालायची, आसं न्हाई. सरळ रोडवर." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कायदा इंग्रजीत असतो आणि घरात कॉन्व्हेंटला गेलेली मी एकटीच!

खरे सांगू का, बारा वर्षे इंग्रजीतून शिकले तरी मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 मला तीनदा वाचावे लागले. एक वाक्य संपता संपत नाही आणि प्रत्येक 'परंतु'च्या पोटात आणखी एक 'परंतु'. मी मोठ्याने वाचत होते. आबांनी मध्येच थांबवले. "माय, मराठीत सांग. न्हाईतर सांगू नको."

मग मराठीत सांगायला बसले आणि सांगता सांगता मलाच ते कळायला लागले. कलमाचा गाभा एवढाच की, कागद एक बोलतोय आणि गाडी दुसरेच, असे होता कामा नये. 1988 च्या मूळ कायद्यात मालकाला बदल करता येत होता, फक्त आरटीओला कळवून मंजुरी घ्यायची. म्हणजे 1994 मध्ये एका अर्जाने हे काम होण्यासारखे होते! 2000 सालच्या दुरुस्तीने मात्र हा दरवाजा बराच अरुंद केला. कंपनीने जी गाडी म्हणून बनवली, तिच्याशी आरसी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलांना ठरलेल्या अटींवर परवानगी आहे, पण त्यासाठी मंजूर झालेले किट लागते. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे, 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पुण्याच्या त्या हौशी माणसाचे टायर, बंपर, सायलेन्सर मी बोटांवर मोजले आणि काकांनी फोन नंबर डिलीट केला.

आबा गप्प होते. मग म्हणाले, "तवा कुणी सांगितलंच न्हाई." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा रस्ता 'व्हिंटेज'चा. 2021 मध्ये केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी त्यात बसते. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात आणि नोंदणी दहा वर्षे चालते. आमची जीप वयात बसते. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. बरे, जुने इंजिन परत बसवून तेही जमवले, तरी ही गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. आबा हसले. "मग गाडी कशाला? फोटूच लावा की भिंतीला!"

मित्रांनो, यावर हमखास एक किस्सा सांगितला जातो आणि आमच्या पारावरही तो झालाच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून एक छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास आणि स्टार्ट करायला मोटारसायकलसारखी किक! डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण सोबत हेही लिहिले की ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती थांबवली जाईल. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहारांना मिळाली. त्यांची जीप महिंद्राच्या संशोधन केंद्राच्या संग्रहासाठी गेली. पारावर एक जण म्हणाला, "टाक की इंटरनेटवर, आपल्याला बी बोलेरो देतील!"

होस्टेलवर आम्ही याच विषयावर रात्रभर भांडलो. एक गट म्हणे, कायद्याने कारागिराचा गळा घोटला. ज्याच्याकडे टेस्टिंगला पैसे आहेत तोच इंजिनिअर, बाकीचे जुगाडू? मीही आधी याच गटात होते. लोहारांच्या हातात जे कौशल्य आहे ते आमच्या अख्ख्या बॅचच्या हातात नाही, हे मला आजही मान्य आहे.

पण मग आमच्या जीपखाली झोपून मी ब्रेक पाहिले. चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक, पण सर्किट एकच. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला! हँडब्रेक चाकावर नाही, मागे जाणाऱ्या शाफ्टवर. नव्या इंजिनासाठी चेसिसवर मारलेल्या वेल्डला एका जागी केसासारखी चीर होती. ताशी 40 वरून 60 वर गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. हे सूत्र आम्ही अकरावीत पाठ केलेय. 1994 मध्ये सगळ्यांनी इंजिन चालते का ते पाहिले. गाडी थांबते का, हे कोणी विचारलेच नाही. आणि आमच्या घरापासून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मध्ये शाळा आहे.

तेव्हा मला आरटीओचा तो कंटाळवाणा कागद वेगळाच दिसला. तो मालकासाठी नाहीच. मालकाला आपली गाडी माहीत असते. कुठे दाबायचे, कुठे सोडायचे, सगळे हाताला पाठ असते. तो कागद समोरून येणाऱ्यासाठी आहे. त्याने तुमची गाडी कधी पाहिलेली नसते, तरी ती थांबेल असे गृहीत धरून तो रस्ता ओलांडतो. कायद्याने हे सोप्या मराठीत आणि वेळेवर सांगितले असते तर किती बरे झाले असते, ही तक्रार मात्र मी मागे घेणार नाही.

शेवटी मार्ग निघाला तो गोठ्यातून. कागद बदलता येत नाही ना, मग लोखंड बदलू! पोते झटकून, घासलेट लावून मी ब्लॉकवरचा नंबर घासला. आरसी बुकाशी ताडला. एकेक आकडा जुळला. ब्लॉक लातूरला बोअर करून आणला, ओव्हरसाइज पिस्टन टाकले, व्हॉल्व्ह घासून बसवले. जुने वेल्ड कापून चेसिस सरळ केली. आणि या सगळ्याच्या आधी, माझ्या हट्टामुळे, ब्रेकचे सगळे पाइप, व्हील सिलिंडर आणि लायनिंग नवे घातले. उतरवलेले डिझेल इंजिन आता विहिरीवर पाणी उपसते. तिथे त्याला कोणी नंबर विचारत नाही.

आता रीतसर नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 25. 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींची ही फी 10 हजार रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, इन्शुरन्स आणि पीयूसी. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. कार्ब्युरेटरशी चार दिवस झटापट केल्यावर आमची जीप तिच्या आत आली. पास झाली तर पाच वर्षे मिळतील. आबा 82 वर्षांचे आहेत. त्यांनी हिशोब केला आणि म्हणाले, "पुरं हाय."

काका अजूनही म्हणतात, एवढ्या पैशात सेकंडहँड चांगली गाडी आली असती. हिशोब त्यांचा बरोबर आहे. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. साहेब चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवतील, मग इंजिनाकडे वळतील. नंबर जुळतील याची मला खात्री आहे. पण त्यांनी ब्रेक जरूर दाबून पाहावा. दोनदा दाबून पाहिला तरी चालेल.