उसना कास्तकार

चित्रपटाच्या धंद्यात भांडवल कमी पडले की त्याची भरपाई हौसेने करावी लागते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामती झालेले अण्णा साळुंके मूळचे उपाहारगृहात कामास होते. तेव्हा आम्हां वणीकर हौशी नटांची परंपरा थोरच म्हणावयाची! आमच्याकडे चित्रीकरण निघाले की पोशाख घरचा, भोजन शेतमालकाचे आणि दिवा सूर्यनारायणाचा. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत फेकावयाचा आवाज येथे घशातच आवरावा लागतो. आणि कोळशाचा ट्रक गर्जत गेला की तेच वाक्य पुन्हा!

परंतु खरी कसोटी निराळीच. यवतमाळ जिल्ह्यातली कथा म्हणजे बहुधा कर्जबाजारी कास्तकाराची. आणि भोवती पाहावयास उभे असतात तेही कास्तकारच. एकदा पऱ्हाटीच्या बांधावर, सावकाराचा कागद हाती घेऊन आम्ही मूकपणे बसलो असता, गर्दीतील एक म्हातारी उठून चालती झाली. का, हे कोणी विचारले नाही. विचारण्याची गरजच नव्हती. दिग्दर्शक ‘उत्तम’ म्हणाले. आमच्या लेखी मात्र त्या दिवसाचे परीक्षण तिनेच केले. ते अनुकूल की प्रतिकूल, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.