हराळी

आमचं वावर बसवकल्याणच्या जवळच. तूर, मूग, ज्वारी. अण्णांची सगळी हयात हराळीशी भांडण्यात गेली. उन्हाळ्यात नांगरट झाली की माय अन् आम्ही भावंडं ढेकळांतून काशा वेचायचो, बांधावर वाळवून जाळायचो. एक कांडं राहिलं तरी पावसात पुन्हा हिरवंगार!

त्याच घरातला मी बीदरच्या उद्यानविद्या महाविद्यालयातून पदवी घेतली अन् गवत शिकायला अमेरिकेला निघालो. ओहायो स्टेट विद्यापीठाचा एक कार्यक्रम आहे. परदेशी विद्यार्थ्यांना ते तिथल्या गोल्फ मैदानांवर, रोपवाटिकांत पगारी प्रशिक्षणाला लावतात. पण पगार तिथं गेल्यावर. विमानभाडं, व्हिसा आधी. अण्णांनी दोन एकर गहाण टाकली. सही करताना एवढंच बोलले, "गवत उगवायचं शिकायला जाऊलालास का रं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

काम मिळालं जॉर्जिया राज्यात. जूनमध्ये मैदानाचा एक पट्टा नव्यानं लावायचा होता. जात टिफवे 419. आपल्या हराळीचा तिच्या आफ्रिकेतल्या बहिणीशी केलेला संकर. हिला बी धरत नाही, म्हणून काशाच लावाव्या लागतात. ट्रक भरून काशा आल्या. हातात घेतल्या अन् आधी हसू आलं, मग माय आठवली.

तिथंच कळलं, ही जात 1960 मध्ये टिफ्टन गावच्या ग्लेन बर्टन यांनी दिली. त्यांचीच बाजरीची टिफ्ट 23ए ही नर-वंध्य जात भारतात आली अन् तिच्यावरून 1965 मध्ये लुधियानात एचबी-1 ही संकरित बाजरी निघाली. म्हणजे खेळायचं गवत अन् गरिबाची भाकर, एकाच माणसाच्या हातची.

रात्री फोनवर अण्णांना सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माणूस चांगला दिसतोय. जमीन कधी सोडवतुस?"

परत यायच्या आत दोन्ही एकर सोडवली. आता मी हैदराबादेत एका क्रिकेट मैदानाचं गवत सांभाळतो. मागच्या वर्षी अण्णा आले. मैदानभर फिरले, वाकून गवतावर हात फिरवला. "दाट हाय," म्हणाले. मला तेवढं पुरलं.

निघताना मात्र फाटकापाशी थांबले, चपला काढून दगडावर आपटल्या, तळवे नीट बघितले.

"एक कांडं बी आपल्या वावरात यायला नको."