कडेचा थेंब

"काकू, आंबा खाल्लात ना? आधी हात धुवून या. नाहीतर आंब्याचीच साखर मोजू आपण."

मे महिना, संध्याकाळचे पाच. शेजारची पोर गॅलरीत पाटावर बसून तिची ती निळी पिशवी उघडत होती. वय एकोणीस. मधुमेह नवव्या वर्षापासून, म्हणजे अनुभवात ती माझी आजीच. मी बावन्न वर्षांची, आजारपणात जेमतेम तीन महिन्यांची.

माझे डोळे पिवळे झाले तेव्हा घरात काविळीची माळ आली, उसाचा रस आला. तपासण्यांत विषाणू मात्र एकही सापडला नाही. शेवटी यकृताचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं की माझीच संरक्षक फौज माझ्या यकृतावर चालून गेली होती. ऑटोइम्यून हेपॅटायटिस. रोज न्याहारीनंतर प्रेडनिसोलोन, 40 मिलिग्रॅम. गोळीनं काम चोख केलं. एसजीपीटी उतरलं आणि भूक अशी खवळली की भाकरी थापणारीचे हात दुखावेत. तहान लागायची ती मी उन्हाळ्याच्या खात्यावर टाकली. उपाशीपोटी साखर 94 आली होती, तो कागद मी येईल-जाईल त्याला दाखवत होते.

पण ही बया माझा तांब्या मोजत होती. "आज चौथ्यांदा भरलात," म्हणाली आणि पिशवी घेऊन आली.

तिनं माझं करंगळीशेजारचं बोट चाचपलं आणि कडेला टोचलं. "मधोमध टोचलं की भांडी घासताना ठणकतं." पहिला थेंब कापसानं पुसला, दुसरा पट्टीला लावला. पाच आकडे मोजायच्या आत समोर 347.

मला घाम फुटला. ती शांत. "गोळी सकाळी घेता ना? तिची साखर दुपारनंतर चढते, रात्रीतून उतरते. पहाटे कशी सापडेल?"

"मग बंदच करते ती गोळी."

"अजिबात नाही हं काकू! अचानक तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जवळपास हेच सांगितलं, फक्त फी घेऊन. जेवणाआधी इन्सुलिन सुरू झालं. पुढे अ‍ॅझाथायोप्रिन जोडून प्रेडनिसोलोन पायरीपायरीनं उतरवलं, तसं इन्सुलिनही सुटलं. पण त्याआधी त्यांनी आणखी एक रक्ततपासणी केली होती: ही साखर निव्वळ गोळीची, की फौज स्वादुपिंडावरही वळलीय? कारण हे दोन्ही आजार एकाच माणसात सापडू शकतात. एचएलए डीआर3 नावाचा वारशानं येणारा एक प्रकार दोन्हींत वरचेवर दिसतो. आमच्यासारख्यांत थायरॉइडही पुष्कळदा बिघडतं. माझ्या स्वादुपिंडाला कुणी हात लावला नव्हता. सगळी करणी गोळीचीच.

हे सगळं मी तिला सांगितलं. जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे तुमचं-माझं घराणं एकच. फौज तीच, तुमच्यात यकृतावर गेली, माझ्यात स्वादुपिंडावर." थायरॉइडची गोळी दोघींनाही आहे. सकाळी सहाला दोन शेजारच्या स्वयंपाकघरांत दिवे लागतात आणि मधल्या भिंतीपलीकडे भांडं वाजलं की मला कळतं, तिनं घेतली.

ती पट्ट्या मोजून वापरायची, हे मला फार उशिरा कळलं. महिन्याला अमुकच, असा तिच्या घरचा हिशेब होता. त्यातली एक तिनं न विचारता माझ्यावर खर्च केली होती. आईला कळू नये म्हणून स्वतःचा एक वार कोरडा घालवला, असं तिची आईच पुढे मला हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

दिवाळीला मी पन्नास पट्ट्यांची डबी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. तिनं डबी उलटसुलट पाहिली आणि खो-खो हसली. "काकू, ह्या माझ्या मशीनला चालत नाहीत! प्रत्येक मशीनची पट्टी वेगळी असते."

मुकाट्यानं परत आले आणि त्या पट्ट्या चालतील असं मशीन घेतलं.