दुसऱ्या गिअरमध्ये

“काका, लिफ्ट नको. माझ्याबरोबर जिन्याने चला.”

जुलै 2018 मधली परळची सकाळ. बाहेर पाऊस कोसळत होता. भूलतज्ज्ञ बाईंनी अण्णांची फुगलेली फाईल मिटून माझ्या हातात दिली, चपला सरळ केल्या आणि त्या उठल्याच. तोवर आम्ही ज्या ज्या डॉक्टरांना भेटलो होतो, त्यांनी फाईल वाचली होती. अण्णांना चालायला लावणारं हे पहिलंच माणूस.

अण्णा संगमनेर डेपोचे एसटी ड्रायव्हर. नोकरीत बिड्या ओढल्या, त्याची वसुली निवृत्तीनंतर झाली, तीही दोन्हीकडून. नोव्हेंबर 2017 मध्ये छातीत कळ आली आणि हृदयात स्टेंट बसला. बिडी त्या दिवशी सुटली ती सुटलीच. जानेवारीत खोकला सुरू झाला. एक्सरेत उजवीकडे वरच्या बाजूला डाग दिसला आणि टीबी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी चार महिने गोळ्या चालल्या. खोकला हटेना, वजन उतरत गेलं. मे महिन्यात सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं की फुप्फुसाचा कॅन्सर आहे. त्या चार महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाठ लहान होती, पसरलेली नव्हती. काढून टाकली तर माणूस वाचण्याची चांगली आशा. पण ऑपरेशनचं नाव काढलं की सगळे हृदयाकडे बोट दाखवत. स्टेंट नवा असताना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लागतात. त्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, चालू ठेवल्या तर ऑपरेशनमध्ये रक्त न थांबण्याची. एकाने तर मला बाहेर बोलावून सांगितलं, “या वयात, असं हृदय घेऊन कशाला? घरी न्या.” तेव्हा अण्णा 63 वर्षांचे होते.

बाईंना मी हे सगळं रडत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हृदय आजारी आहे म्हणून कॅन्सर थांबून राहत नाही गं. स्टेंटला आठ महिने झालेत, त्याला हवा तेवढा वेळ मिळालाय. आता काकांमध्ये किती दम आहे तेवढं बघू.”

दम बघायची जागा म्हणजे तो जिना. बाईंनी सांगितलं, न थांबता 22 मीटर चढता आलं तर फुप्फुसाचा एक भाग काढणं माणसाला सहसा झेपतं. 22 मीटर म्हणजे सहा-सात मजले. अण्णांच्या एका बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा होता, तरी दुसऱ्या हाताचं मनगट बाईंनी स्वतःच्या बोटांत धरलं होतं. त्याही त्यांच्याबरोबर एकेक पायरी चढत होत्या. मी मागे, फाईल छातीशी धरून.

दुसऱ्या मजल्यावर मला राहवेना. म्हटलं, “अण्णा, थांबा जरा.” त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. धापेतच म्हणाले, “चंदनापुरी घाटात गाडी भरलेली असली की दुसऱ्या गिअरला टाकायची न् तशीच चढवायची. मधी थांबलं की उचलत नाही.” बाई हसल्या. “मग तसंच चालवा काका.”

तसेच ते चढले. वर पोचल्यावर भिंतीला टेकले, ओठ थोडे पांढरे पडले होते, घाम निथळत होता. बाई बराच वेळ मनगट धरून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “करू या.”

पुढचे दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गेले. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रावर अण्णांचा तिसरा चेंडू काही केल्या वर जाईना, आणि शेजारच्या खाटेवरच्या परभणीच्या मावशी रोज विचारत, “आज गेला का हो?” ऑपरेशनच्या पाच दिवस आधी एक गोळी थांबवली, ॲस्पिरिन चालू ठेवली.

ऑपरेशनच्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. “उपाशी ठेवा” म्हणाले होते, म्हणून मी अण्णांना पाणीही दिलं नाही आणि नाडी आवरणारी सकाळची गोळीही नाही. थिएटरच्या दाराशी बाईंनी पहिला प्रश्न केला तो हाच. मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. सिस्टरकडून गोळी मागवली, घोटभर पाण्याबरोबर स्वतः अण्णांच्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, “ही गोळी कधीच चुकवायची नसते. आज तर नाहीच.”

उजव्या फुप्फुसाच्या तीन भागांपैकी वरचा काढला. काढलेल्या लिम्फच्या गाठींमध्ये कॅन्सर नव्हता. तिसऱ्या रात्री मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी पळायला लागली, हृदयाची लय सुटली होती. अशा ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होऊ शकतं, हे बाईंनी मला आधीच समजावून ठेवलं होतं. ते ठाऊक नसतं तर त्या रात्री मीच कोसळले असते. सलाईनमधून औषध गेलं. पहाटे पाचला रेघ पुन्हा सरळ चालीवर आली, तेव्हा बाई घरून येऊन पलंगाशी उभ्या होत्या. त्यांची ड्यूटी नव्हती.

हॉस्पिटलचं बिल केशरी कार्डावर जनआरोग्य योजनेतून भागलं. बाईंचं जे आहे त्याची पावती कुठे फाडायची?

2023 मध्ये पाच वर्षं पूर्ण झाली. अण्णा संगमनेरहून पेढे घेऊन परळला आले, लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले. एकच मजला, पण गेले. बाईंसमोर डबा उघडून धरला. बाईंनी पेढ्याकडे पाहिलंच नाही. आधी त्यांचं मनगट हातात घेतलं, आणि घड्याळाकडे बघत मोजत राहिल्या.